जलगर्भ पाषाण : ओपलच्या हस्तशिल्पाविषयी प्रस्तावना

वऱ्हाडच्या जुन्या दफ्तरांत मुलखाची वाटणी पाईनघाट आणि बालाघाट अशी केलेली आढळते, आणि केवळ जमाबंदीच्या सोयीसाठी केलेल्या त्या वाटणीत भूगर्भशास्त्राचेही एक सत्य नकळत नमूद होऊन गेले आहे. उत्तरेस गाविलगडची रांग आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगराचे पठार यांच्यामध्ये पूर्णा नदीने जो सखल, काळाभोर, कापसाचे माहेरघर झालेला पट्टा पसरला आहे तो पाईनघाट. तेथे दर्यापुराकडे किंवा अकोटाकडे शेतकरी विहीर खणू लागला, तर कित्येक पुरुष माती उपसूनही त्याला खडकाचे दर्शन होत नाही. याच्या उलट पातूर, बार्शीटाकळी, वाशीम या बाजूस चढून गेले की मातीचा थर पाहता पाहता वीतभर उरतो, वखराची पास दगडाला घासून करकरते, आणि पेरणीपूर्वी वावरातले गोटे वेचून धुऱ्यावर नेऊन टाकणे हा घरातील बायापोरांच्या कपाळी लिहिलेला वार्षिक उद्योग होऊन बसतो. धुऱ्यावरच्या त्या ढिगात बहुतेक काळे दगडच असतात. पण मधून मधून एखादा दुधी, निळसर, मेणचट झाक असलेला गोटाही निघतो. त्याला खेड्यातला मनुष्य 'गार' अथवा 'गारगोटी' म्हणतो, आणि आगपेटी घरोघर येण्यापूर्वी चकमकीसाठी त्याचा जो उपयोग होता तोही आता संपल्यामुळे, काळोखात दोन गोटे एकमेकांवर घासून त्यांतून फुटणारा फिकट उजेड पाहणाऱ्या मुलांखेरीज त्याची विचारपूस करणारा कोणी उरलेला नाही.

या पुस्तकाचा विषय त्याच कुळातील, परंतु त्या कुळात सर्वांत नाजूक निपजलेला एक पाषाण आहे : ओपल. त्याच्यावर हाताने शिल्प कसे कोरतात, ते कोरताना काय सांभाळावे लागते आणि काय सोडून द्यावे लागते, याचे विवेचन पुढील प्रकरणांत आहे. अमरावती-अकोल्याकडच्या वाचकाला हा विषय दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे, म्हणून प्रथम त्याचे नाते आपल्या भूमीशी जोडून दाखवणे मला अगत्याचे वाटते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर भूमीच्या भेगांतून लाव्हारसाचे लोंढे एकावर एक पसरत गेले, आणि त्यांतूनच आज आपण ज्याला काळा पत्थर म्हणतो तो बेसाल्ट निर्माण झाला. रस निवत असताना त्यातील वायू वर येऊन वरच्या भागात अडकून राहिले, आणि त्यामुळे प्रत्येक थराच्या माथ्याशी अनारशाला पडावी तशी जाळी पडली. पुढे लक्षावधी वर्षे या जाळीतून उष्ण पाणी झिरपत राहिले. खडकातील सिलिका विरघळवून ते बरोबर नेई आणि पोकळी मिळेल तेथे थोडी थोडी सोडून जाई. कोठे तिचे स्वच्छ स्फटिक बनले, कोठे ती सूक्ष्म तंतूंच्या रूपाने थरावर थर चढून कॅल्सेडनी झाली, त्या थरांत रंगांचे पट्टे उमटले तेथे अकीक झाला, आणि जेथे स्फटिकरूप धारण करण्याइतकी सवड तिला मिळाली नाही तेथे ती पाण्यासह तशीच थिजून राहिली. हा थिजलेला, स्फटिकत्व न पावलेला भाग म्हणजे ओपल. ज्या बेसाल्टची झीज होऊन वऱ्हाडची कापसाची काळी माती झाली, तोच बेसाल्ट या गारगोट्यांचाही जनक आहे. म्हणून जी वस्तू शेतकरी धुऱ्यावर फेकतो ती आणि ज्या जमिनीचा तो सारा भरतो ती, एकाच घरच्या होत. सातपुड्यात छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गारेत त्या काळच्या वनस्पती, त्यांची फळे व फुले सुद्धा पेशीन् पेशी जतन झालेली आहेत, आणि बिरबल साहनींसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला, यावरून सिलिकेचे हे पाणी किती सावकाश आणि किती बारकाईने काम करते याची कल्पना यावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्याच्या पोटात तांबडा, हिरवा, निळा असे रंग हलता हलता पालटतात तो मौल्यवान ओपल वऱ्हाडच्या जमिनीतून निघतो, असा दावा कोणी करू नये. आपल्याकडील पोकळ्यांत आढळणारा ओपल हा साधा, दुधी अथवा पिवळसर, एकरंगी असतो. दोहोंचे द्रव्य एकच, परंतु अंतर्रचनेत महदंतर आहे, आणि ते अंतर नेमके कशात आहे हे शास्त्राला १९६४ पर्यंत ठाऊक नव्हते. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील जोन्स, सँडर्स व सेग्निट या तिघा संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मौल्यवान ओपल पाहिला, तेव्हा तो सिलिकेच्या अतिसूक्ष्म गोलकांचा बनलेला असून ते सर्व गोलक एकाच आकाराचे व अत्यंत शिस्तीने रचलेले आहेत असे दिसून आले. गोलकांचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या साधारण दीडपट ते तिप्पट असतो. या रचनेतून जाताना प्रकाश विखुरतो, गोलक लहान असतील तर निळा-जांभळा आणि मोठे असतील तर तांबडा रंगही दिसू शकतो. साध्या ओपलमध्ये गोलक लहानमोठे व अस्ताव्यस्त असतात, म्हणून रंग खेळत नाहीत. रंग म्हणून तेथे कोणतेही द्रव्य नाही. केवळ रचनेची शिस्त आहे.

शिल्पकाराच्या दृष्टीने मात्र दोन्ही ओपलांचा स्वभाव सारखाच अडचणीचा. या दगडात वजनाच्या शेकडा ६ ते १० इतके, आणि क्वचित २० पर्यंतही, पाणी असते. काठिण्य मोहच्या मापाने साडेपाच ते साडेसहा, म्हणजे गारगोटीहून कमी. घनता पाण्याच्या दुपटीहून थोडी अधिक, त्यामुळे हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा हलका लागतो. त्याला फुटण्याची ठराविक दिशा नाही. फुटला तर काचेसारखा, शंखाच्या पाठीसारखी वळणे दाखवीत फुटतो. अचानक तापला तर तडकतो, फार वाळला तर त्याच्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटतात, आणि एकदा त्या उमटल्या की कोणत्याही हुन्नराने त्या बुजत नाहीत.

अशा पाषाणाला प्राचीनांनी मात्र मोठा मान दिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या निसर्गेतिहासाच्या ३७ व्या ग्रंथात ओपलची भूमी म्हणून हिंदुस्थानचे नाव घेतले आहे, आणि त्याच ठिकाणी नोनियस नावाच्या सिनेटरची गोष्ट सांगितली आहे : हेझलनटाएवढ्या, वीस लक्ष सेस्टर्स मोलाच्या ओपलवर मार्क अँटनीचे मन गेले, तेव्हा नोनियसने हद्दपारी पत्करली, सारी जिंदगी मागे सोडली, परंतु त्या ओपलची अंगठी तेवढी बरोबर नेली. आजच्या अभ्यासकांचे मत असे की रोमला पोहोचणारे बहुतेक ओपल कार्पेथियन पर्वतातील, आज स्लोव्हाकियात मोडणाऱ्या दुब्निकच्या खाणींतील असावेत. मग प्लिनीने आपले नाव का घ्यावे? माझा तर्क असा की व्यापाऱ्याने मालाचा उगम दूरचा सांगितला म्हणजे किंमत चढते, हे त्या काळीही सर्वांना ठाऊक असले पाहिजे. आणि हिंदुस्थानचे नाव दगडांच्या पेठेत तेव्हा खरोखरच मोठे होते. पेरिप्लस या समुद्रवृत्तात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचे लिहून, तेथून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांतून भडोचच्या बंदरी उतरत असल्याचे नमूद केले आहे.

पैठणचा हा व्यापार सर्वांना ठाऊक आहे. वऱ्हाडच्या आणि विदर्भाच्या मण्यांकडे मात्र तितके लक्ष गेलेले नाही. तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी वसलेले कौंडिण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून वारकऱ्याला पूज्य आहे. पण तेथील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले आणि त्याचा वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध झाला, ही गोष्ट यात्रेकरूंपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. दीक्षित हे प्राचीन मण्यांचे नाणावलेले जाणकार. मातीच्या खापराइतकेच महत्त्व ते बोराएवढ्या दगडी मण्याला देत. नागपूरच्या वायव्येस माहुरझरी येथे तर मण्यांचा कारखानाच होता असे म्हणावे इतके अकीक, कार्नेलियन, स्फटिक, जास्पर यांचे मणी सापडले, आणि त्यांत पुरे झालेले, अर्धे घडलेले, भोक पाडता पाडता दुभंगलेले असे सर्व अवस्थांतील नमुने आहेत. मला या दुभंगलेल्या मण्यांचे मोल अधिक वाटते. पुरा झालेला मणी गळ्यात घातला जातो आणि परमुलखी निघून जातो. फुटलेला मणी जागेवर राहतो, आणि कारागिराचा हात कोठे घसरला, भोक पाडण्याचा सामता दोन्ही बाजूंनी आत जाताना कोठे चुकला, हे दोन हजार वर्षांनंतरही आपल्याला दाखवतो. सातवाहनांच्या व वाकाटकांच्या काळी या प्रांतात हा धंदा जोरात होता. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. तो हुन्नर कधी व कसा ओसरला याची तारीख देता येणार नाही, परंतु मोगलाईच्या अमलात, गाविल व नरनाळा या सरकारांचा हिशेब आईन-ए-अकबरीत लिहिला गेला त्या सुमारास, वऱ्हाडची ख्याती कापसाची व जवारीची होती, मण्यांची नव्हे.

याचा अर्थ वऱ्हाडला दगडाची कला अपरिचित होती असा नव्हे. बार्शीटाकळीचे देवीचे मंदिर पाहावे : शके १०९८ चा शिलालेख मिरवणाऱ्या त्या मंदिराच्या भिंतींना इतके कोन आणि इतक्या घड्या आहेत की माध्यान्हीचे ऊनही त्यांच्यावर सलग पडू शकत नाही, आणि काळ्या दगडाचे काठिण्य पाथरवटाच्या टाकीला किंचितही आडवे आलेले दिसत नाही. मेहकरला १८८८ साली जमिनीतून निघालेली शार्ङ्गधर बालाजीची सुमारे अकरा फुटांची मूर्ती एकाच अखंड शिळेची असून तिच्या प्रभावळीतील नाजूक काम पाहिले म्हणजे ही टाकी होती की लेखणी असा संभ्रम पडतो. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावरील दोन तोंडांचा गंडभेरुंड आणि त्याच्या तावडीतील हत्ती हे काम त्या मानाने ठोकळ, परंतु सत्तेचा दिमाख त्यात पुरेपूर उतरला आहे. या सर्वांत एक तत्त्व समान आहे. बेसाल्ट हा एकजिनसी, एकरंगी, निमूटपणे सोसणारा दगड. कल्पना आधी मूर्तिकाराच्या मनात सिद्ध होते, मग सूत धरले जाते, ताल-प्रमाणाने अंगे आखली जातात, आणि दगड आज्ञा पाळतो.

ओपल आज्ञा पाळत नाही, आणि त्याच्या शिल्पाचे सर्व शास्त्र या एका अडचणीतून उत्पन्न झालेले आहे.

या दृष्टीने आपल्या शिल्पपरंपरेपेक्षा आपल्या देवघराची परंपरा मला या कलेला अधिक जवळची वाटते. जुन्या घरातील पंचायतनाचे तबक आठवावे. त्यात शिव हा नर्मदेचा बाण, विष्णू हा गंडकीचा शाळिग्राम, गणपती हा शोणनदाचा तांबडा गोटा, सूर्य हा स्फटिक. आणि यांपैकी एकालाही नाक, डोळे, हात कोणी कोरलेले नसतात. नदीने जे घडवले तेच रूप, आणि त्यातही शाळिग्रामाचे चक्र, बाणावरील जानव्यासारखी रेघ, अशा निसर्गदत्त खुणांना सर्वांत अधिक मान. ज्यांनी बार्शीटाकळीच्या भिंती कोरल्या त्यांच्याच वंशजांनी घरच्या पूजेत मात्र अस्पर्शित दगड मांडावा, याचे कारण कारागिरीचा अभाव नसून विवेक आहे : काही दगडांत करावयाचे ते होऊन गेलेले असते, आणि माणसाने ते ओळखले म्हणजे पुरे. ओपल कोरणारा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभा असतो. तो दगड तसाच ठेवीत नाही, कारण रंगाचा थर निरुपयोगी कवचाखाली दडलेला असतो आणि तो मोकळा करावाच लागतो. परंतु मनातील मूर्ती तो त्याच्यावर लादूही शकत नाही. अलीकडे बाजारात ओपलचे जे घुबड, बुद्धमुख आणि गुलाब दिसतात, त्यांतील पुष्कळसे या विवेकाच्या अभावी फसलेले आहेत, असे माझे मत मी येथे नमूद करून ठेवतो. बुद्धाच्या गालावर जर रंगाचा डाग आणि कपाळावर राखी माती येत असेल, तर त्या दगडात बुद्ध नव्हता इतकेच सिद्ध होते.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते थोडे जवळून पाहणे अवश्य आहे. कच्चा दगड आला म्हणजे कारागीर तो लगेच घासावयास घेत नाही. खाणीतून आलेला दगड कित्येक महिने उघड्यावर नुसता ठेवून देतात, कारण ज्याला तडकायचे असते तो त्या अवधीत तडकून मोकळा होतो आणि पुढची मेहनत वाचते. मग तो ओला करून उन्हात, सावलीत, दिव्यासमोर, असा सर्व बाजूंनी फिरवून पाहतात. ओल्या पृष्ठभागावर रंग जसा दिसतो तसाच तो झिलई झाल्यावर दिसणार असतो. रंगाचा थर पुष्कळदा नखाएवढा जाड, आणि तोही सपाट नसून लाटेप्रमाणे वरखाली गेलेला असतो; त्याच्या खाली-वर रंगहीन ओपल. कारागिराने पहिल्या चाकावर हे कवच अतिशय हलक्या हाताने काढावयास आरंभ केला की प्रत्येक दोन-चार घासांनंतर तो थांबून, दगड पुसून, पुन्हा पाहतो. कारण एका जास्तीच्या घासात थर छेदला गेला तर तेथे कायमचे भोक पडते. थर जेथे खोल गेला असेल तेथे तो खोल जातो, वर आला असेल तेथे उंचवटा ठेवतो, आणि अशा रीतीने रंगाचा पाठलाग करता करता जो आकार आपोआप निर्माण होतो त्यातून पान, मासा, पाण्याचा भोवरा, वाऱ्याने उडालेला पदर, काय सूचित होते ते तो शेवटी ठरवतो. वळणदार पृष्ठभाग येथे केवळ शोभेसाठी नसतो : रंग पाहणाऱ्याच्या कोनानुसार पालटतो, म्हणून सपाट तुकड्यावर तो सर्व एकदम पेटतो आणि एकदम विझतो, तर खोलगट-फुगीर पृष्ठभागावर तो एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे सरकत जातो.

छिन्नी आणि हातोडी या कामात पूर्णतः निरुपयोगी. येथे सर्व काम घासण्याचे आहे : हिऱ्याची पूड बसवलेली लहान लहान चाके व टोच्या, आणि पूर्वी जेव्हा हे उपलब्ध नव्हते तेव्हा लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेली सहाण. दगड लाखेने काडीवर चिकटवतात, तेव्हा लाख तापवावी पण दगड तापू देऊ नये ही पहिली परीक्षा. चाकावर पाण्याची धार अखंड हवी. बोटाला ऊब जाणवली की काम तत्काळ थांबवावयाचे. भरड पुडीने पडलेल्या रेघा त्याहून बारीक पुडीने, त्या रेघा आणखी बारीक पुडीने, असे उतरत जावे लागते, आणि मधली एक पायरी गाळली तर शेवटच्या झिलईत ती जुनी रेघ नेमकी दिसते. खोबणीच्या तळाशी चाक पोहोचत नाही तेथे बांबूच्या किंवा मऊ लाकडाच्या टोकाला हिऱ्याची पूड लावून हातानेच घोळावे लागते. अखेरची झिलई सिरियम ऑक्साइडची, नमद्यावर किंवा चामड्यावर.

यंत्राची मोटर फिरते म्हणून हे हस्तशिल्प नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. कुंभाराचे चाकही फिरते. प्रश्न चाक कोण फिरवतो हा नसून निर्णय कोण करतो हा आहे, आणि ज्या दगडात पुढच्या क्षणी काय निघेल हे कोणालाच आधी ठाऊक नसते, तेथे आराखडा आधी भरून ठेवलेले यंत्र सर्वथा आंधळे ठरते.

पाश्चात्य देशांत ही कला फार जुनी नाही. जर्मनीतील इडार या गावी अकीकाचे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. तेथून लंडनला गेलेला विल्हेल्म श्मिट (१८४५–१९३८) याने ओपल व त्याला चिकटलेला खडक यांतून चेहऱ्यांची उठावाची कामे कोरली, ज्यांत खडक ही पार्श्वभूमी आणि ओपल ही मुद्रा, किंवा उलट, अशी योजना असे. ही युक्ती साधी पण मोठी मार्मिक होती. ज्याला सर्व जवाहिरे दोष मानून कापून टाकीत, त्या खडकालाच त्याने कामाला लावले. १८९० नंतर ऑस्ट्रेलियाच्या खाणींनी जगाची पेठ काबीज केली, लाइटनिंग रिजचा काळा ओपल प्रसिद्धीस आला, आणि २००८ साली इथियोपियाच्या वेलो प्रांतात नवा साठा सापडल्यावर मध्यम ऐपतीच्या कारागिरालाही चांगला दगड मिळू लागला. इथियोपियाच्या या दगडाचा एक चमत्कारिक गुण असा की पुष्कळदा तो पाणी शोषून घेतो. वाटीभर पाण्यात टाकला तर थोड्या वेळाने पारदर्शक होऊन त्यातील रंग अदृश्य होतात, आणि बाहेर काढून सावकाश वाळू दिला की पुन्हा परततात. कोरणाऱ्याला याचा त्रास होतो, कारण सतत ओला राहिलेला दगड त्याला आपला रंग दाखवीत नाही, आणि त्याला जे काम उजेडात करावयाचे ते आठवणीवर करावे लागते.

आता अमरावती-अकोल्याच्या सराफ्याकडे वळू. तेथे आज ओपल विचारीत येणारे गिऱ्हाईक बहुधा ज्योतिष्याने पाठवलेले असते. नवरत्नांत ओपलला स्थान नाही. पण शुक्राचे रत्न जो हिरा, त्याचे उपरत्न म्हणून तो चालतो, आणि हिरा ज्याच्या आवाक्याबाहेरचा त्याला चांदीच्या अंगठीत, शुक्रवारचा मुहूर्त पाहून, इतक्या रतीचा ओपल घालावयास सांगतात. श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु रतीच्या या हिशेबाने एक नुकसान निश्चित केले आहे : दगड वजनावर विकला जातो, म्हणून घासून उडालेला प्रत्येक कण हा व्यापाऱ्याला तोटा वाटतो, आणि सर्व ओपल एकाच साच्याचे, खालून सपाट व वरून फुगीर, असे केले जातात. लाटेसारखा थर असलेला दगड या साच्यात बसवताना त्यातील निम्मा रंग पाण्याबरोबर वाहून जातो. शिल्पकार उलट वजन घालवतो आणि रंग राखतो. त्याचा माल नगावर विकला जावयास हवा, आणि नगावर किंमत ठरवण्यासाठी जी नजर लागते ती तराजूपाशी तयार होत नाही. त्यातच फसवणुकीचे प्रकार : काळ्या पाठीवर चिकटवलेली ओपलची पातळ चकती, तिच्यावर स्फटिकाची टोपी घातलेला तिहेरी नग, आणि फ्रान्समधील पिएर जिल्सन याने १९७० नंतरच्या दशकात बाजारात आणलेला प्रयोगशाळेतील ओपल, ज्याचे रंग वरून पाहता सरड्याच्या कातड्यासारख्या ठराविक खवल्यांत विभागलेले आणि बाजूने पाहता खांबांसारखे उभे दिसतात. दोन थरांचा नग कडेने पाहिला की सांधा अगदी सरळ रेघेत दिसतो. निसर्ग सहसा इतकी सरळ रेघ ओढीत नाही.

वऱ्हाडच्या हवेचाही विचार केला पाहिजे. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, हवेतील ओल नाहीशी होते, आणि ज्या दगडाच्या पोटात पाणी आहे त्याला हा काळ कठीण जातो. दुकानाच्या काचेच्या कपाटात दिव्याच्या उष्णतेखाली ठेवलेला ओपल एका उन्हाळ्यात कामातून जाऊ शकतो. उपाय सोपा आहे आणि त्यासाठी लागणारा जिन्नस वऱ्हाडइतका मुबलक कोठेही नाही : सरकीविरहित कापूस पाण्यात भिजवून पिळावा, नग त्यात गुंडाळावा, आणि हवाबंद डबीत ठेवावा. तेलात बुडवून ठेवण्याचा जो सल्ला काही ठिकाणी देतात तो मात्र मानू नये. तेलाने ओल राखली जात नाही, आणि शोषणाऱ्या जातीचा दगड त्यामुळे कायमचा पिवळा पडण्याचा धोका असतो.

हा हुन्नर शिकू इच्छिणाऱ्या आपल्याकडील तरुणाने आरंभ कोठून करावा? माझे मत असे की त्याने ऑस्ट्रेलियाच्या दगडाला प्रथम हात लावू नये. बालाघाटाच्या धुऱ्यावरची गारगोटी घ्यावी. ती ओपलहून कठीण, काठिण्य सातच्या सुमारास. तिच्यावर चाक सावकाश चालते, चूक सावकाश होते, आणि थर पाहण्याची, पायरी न गाळता रेघ उतरवण्याची सवय हाताला बिनखर्चाने लागते. मग साधा दुधी ओपल, आणि त्यानंतर, हात स्थिरावल्यावर, रंगाचा दगड. खंबायतच्या कारागिरांकडे जाऊन चार महिने राहता आले तर उत्तमच : तेथे रतनपूरचा अकीक मातीच्या मडक्यात घालून शेणीच्या विस्तवावर भाजतात, जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटीवर टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोकून त्याला घाट देतात, आणि तो घाट देणाऱ्याची बोटे डोळ्यांआधी दगडाची नस ओळखतात. अर्थात भाजण्याची क्रिया ओपलला लागू नाही. विस्तवावर ठेवलेल्या ओपलच्या ठिकऱ्या उडतात.

परंतु खंबायतकडून दुसरेही एक शिकावयाचे आहे. कोरड्या सहाणेवर अकीक घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन तेथील कित्येक कारागीर, आणि केवळ त्या घरांच्या शेजारी राहणारी माणसे सुद्धा, सिलिकोसिसने ऐन उमेदीत खंगून गेली आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांच्या तपासण्या करून हा रोग नोंदवला आहे, आणि त्यावर औषध नाही. ओपल हीदेखील सिलिकाच. तो तडकू नये म्हणून जे पाणी सोडावे लागते तेच पाणी धूळही दाबते, इतका या दगडाचा उपकार. तथापि झिलईच्या वेळी, खोबणी साफ करताना, किंवा घाईत एखादा कोपरा कोरडाच घासून घेताना, सावधपणा सुटतो. तोंडाला बांधलेला रुमाल येथे उपयोगाचा नाही. धूळ ओढून घेणारा पंखा, योग्य जातीची मुखपट्टी, कामाचे कपडे घरात न आणण्याचा नियम, चाकाखालचा गाळ ओला असतानाच उचलून टाकण्याची रीत, या सर्वांचे सविस्तर वर्णन पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात आहे. मांडणीच्या सोयीसाठी ते शेवटी आले असले तरी वाचकाने, विशेषतः ज्याला चाकावर बसावयाचे आहे त्याने, ते सर्वांत आधी वाचावे.